घरमालकांचा डावा हात

जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार असतात, हातात बसणाऱ्या आणि हातात न बसणाऱ्या, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. माणसाचं शिक्षण, पगार, गाव, राजकीय मतं या सगळ्या त्यांच्या लेखी किरकोळ गोष्टी. अकरा वर्षांपूर्वी ऐरोलीच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी तळवलीत खोली शोधत फिरत होतो, तेव्हा इतर घरमालकांनी मला भलते भलते प्रश्न विचारले होते. मासे खाता का, पाहुणे किती येतात, लग्न कधी करणार, आणि एकाने तर झोपेत घोरता का, हेसुद्धा. या गृहस्थांनी काहीच विचारलं नाही. बनियन आणि लुंगीवर ओट्यावर बसले होते. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं एकेक करून ताणून पाहिली आणि म्हणाले, "बोटां लांब हायेत. कं वाजवता?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्यांना खरोखर वाईट वाटलं. "वाया गेली," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या मजल्याची चावी माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी त्यांचा भाडेकरू आहे आणि ते मला 'पावने' म्हणतात. या अकरा वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी झाली, आधार कार्डावर त्यांच्या बिल्डिंगचा पत्ता चढला, तरी मी आपला पाहुणाच.

घरमालक बास गिटार वाजवतात. चार जाड तारांची, लांबलचक मानेची ही गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. आमच्या तळवली-घणसोलीच्या बाजूला लग्न म्हटलं की हळद आणि हळद म्हटली की बेंजो पार्टी, म्हणजे गावातल्याच हौशी मंडळींचं वाजवणारं पथक. त्यात बेंजोवाला पुढे उभा राहून भाव खातो, ढोलवाल्याचे व्हिडिओ निघतात आणि बासवाला मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. तो वाजवतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो थांबला की मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागतात. सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा गावात कुणी बुलेट घेतली, कुणी बायकोला पाटल्या केल्या, कुणी मजल्यावर मजला चढवला. यांनी सगळ्यांत आधी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या वादकाकडून ही बास आणली. तेव्हाच ती जुनी होती आणि तिच्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलं होतं. वडील आठ दिवस बोलले नाहीत. मजले नंतर चढले. मालकीणबाई अजूनही नव्या भाडेकरूला घर दाखवताना सांगतात, "आमच्या शेतान आथा चार तारा पिकतान."

गिटारच्या मानेला शिकलेले वादक नेक म्हणतात. घरमालक दांडा म्हणतात. बासचा आवाज, रंग, किंमत या सगळ्याला त्यांच्याकडे दुसरं स्थान आहे. पहिलं स्थान दांड्याला. डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या पाठीवर कसा टेकतो आणि बोटं पुढून कशी वळतात, यावर माणसाचं सुख अवलंबून असतं अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे लांबट आणि धरण्याजोगी कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा डावा हात आपोआप तिच्याकडे जातो. छत्री, केरसुणी, बॅट, जिन्याचा कठडा, एकदा तर सत्यनारायणाला आलेल्या भटजींची काठी. भटजी पोथी वाचत होते आणि हे शेजारी बसून काठीच्या पाठीवरून अंगठा फिरवत मान डोलावत होते. भटजींना वाटलं, कथेला दाद मिळतेय. भाजीला पाठवलं तर पडवळ निवडायला यांना अर्धा तास लागतो. पडवळ डाव्या हातात धरायचं, डोळे मिटायचे, बोटं वर-खाली सरकवायची. भाजीवालीला आता सवय झाली आहे, पण नवीन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन चार पावलं मागे सरकतात. "भाजी आनाया धारला तं यो पडवल वाजवत बसतंय," हे मालकीणबाईंचं गाऱ्हाणं मी दर पावसाळ्यात ऐकतो. आणलेलं पडवळ बहुतेक वेळा जून निघतं, पण हातात बसतं अगदी छान.

रविवारी सकाळी ते मला घेऊन वाद्यांच्या दुकानांत जात. वाशी झाली, ठाणं झालं, दादर झालं. बास विकत घ्यायची असा काही बेत नसे, पण 'चांगला दांडा कुठं हाय ते ठावं पायजे' असं त्यांचं म्हणणं. दुकानातला पोऱ्या उत्साहाने बास काढून द्यायचा आणि विचारायचा, "काका, अँप्लिफायर लावू?" "नको. आवाज मंगशी. पयला हात." मग खुर्चीत बसून, डोळे मिटून, एकही सूर न काढता ते पंधरा-वीस मिनिटं नुसता दांडा धरून बसत. पाच मिनिटांत तर सगळेच दांडे गोड लागतात, खरा स्वभाव पंधरा मिनिटांनी कळतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. कुठला दांडा पाठीला चपटा, कुठला पोटाशी सुटलेला, कुठला खांद्याकडे जाता जाता एकदम जाड होणारा, हे सगळं मला त्यांच्यामुळे कळायला लागलं. एका चकचकीत, महागड्या बासबद्दल त्यांनी सांगितलं, "चांगली हाय. पन हिच्याकडं हातानं चप्पल काढून बसाया लागंल." शेवटी वाद्य परत करताना दुकानदाराला ते हात जोडून, अगदी मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींच्या सुरात म्हणत, "कलवतो." वाशीच्या एका भाबड्या दुकानदाराने खरंच महिनाभराने मला फोन करून विचारलं होतं, की काकांकडून काही निरोप आला का.

घरच्या बासला ते 'म्हातारं' म्हणतात आणि तिची काळजीही तशीच घेतात. आमच्याकडे खाडीची हवा. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, दारं फुगतात, मग एवढ्या लांब लाकडी दांड्याने वाकायचं नाही तर काय करायचं? दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिचा नट पिळला की वाकलेला दांडा सरळ येतो. घरमालक हे काम वर्षातून दोनदा करतात, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर, आंघोळ करून, काही न खाता. नट फक्त पाव फेरा पिळायचा आणि एक दिवस वाट बघायची. घाईने जास्त पिळला तर दांडा कायमचा जातो. "लाकडाला समजाया येल लागतो, पावने. मानसावानी लगेच हो बोलत नाय त्ये." हा पाव फेऱ्याचा नियम ते बिल्डिंग चालवतानाही वापरतात. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांचं पाण्यावरून जुंपलं, की हे जिन्यात येऊन एकच वाक्य बोलतात आणि निघून जातात. उरलेलं उद्या. दोन दिवसांत भांडण मिटतं किंवा निदान दोघी मिळून यांच्यावर तरी चिडतात.

बुटांच्या नव्या खोक्यात ओल शोषणारी पांढऱ्या दाण्यांची पुडी असते, ती आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही टाकून देत नाही. ती तळमजल्यावर नेऊन द्यायची असते. माझ्या मुलीने शाळेचे बूट घेतले तेव्हा दुकानातून परतताना तिने पहिला प्रश्न केला, "आजोबांची पुडी आहे ना?" जिन्यात ओले कपडे घालायला बंदी आहे आणि तशी पाटीच आहे: 'आतल्या खोलीत म्हातारं आहे. त्याला दमट सोसत नाही.' तिसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका सज्जन बाई ही पाटी वाचून दुसऱ्याच दिवशी आल्याचा काढा घेऊन खाली गेल्या होत्या. मालकीणबाईंनी तो काढा स्वतः पिऊन टाकला, कारण त्यांच्या मते या घरात म्हाताऱ्याची सेवा करून दमणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आणि तारांचं तर विचारूच नका. बासच्या तारा जुन्या झाल्या की मंद वाजतात; त्या उकळत्या पाण्यात घातल्या की मळ सुटून पुन्हा खणखणीत होतात, ही गोष्ट खरी आहे. पण त्या मालकीणबाईंच्या दुधाच्या टोपात उकळायच्या का, हा वेगळा प्रश्न. एकदा मालकीणबाईंचा भाऊ आला होता. शेगडीवर टोप रटरटताना बघून त्याला वाटलं, चिंबोऱ्यांचं कालवण असणार. त्याने झाकण उचललं, आत बघितलं आणि जेवताना कालवण नकोच म्हणाला.

तर अशा या माणसाचं मधलं बोट तीन वर्षांपूर्वी अडकायला लागलं. डाव्या हाताचं मधलं बोट वळायचं, पण उघडताना मध्येच थांबायचं आणि मग कट्कन सुटायचं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, लहानसं ऑपरेशन आहे, महिना-दीड महिना वाजवू नका. घरमालकांनी डॉक्टरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला सांगितलं की डॉक्टर चांगला आहे, पण त्याला बासमधलं कळत नाही. बोटाला काही झालेलं नाही. दांडा फुगलाय. इतकी वर्षं खाडीची हवा खाऊन लाकूड जाड झालं आहे आणि म्हणून बोटाला त्रास होतो. ते ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. निवृत्त होताना इतरांनी घड्याळ घेतलं, यांनी आपला रोजचा व्हर्नियर, म्हणजे केसाएवढी जाडीही मोजणारं माप, मागून घेतला होता. त्या व्हर्नियरने त्यांनी दांडा मोजला. पंचवीस वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलेल्या मापात आणि आजच्या मापात केसाचाही फरक नव्हता. घरमालकांनी व्हर्नियर उजेडात धरून नीट पाहिला आणि जाहीर केलं की तो झिजला आहे. त्यानंतर आमच्या रविवारच्या फेऱ्यांना एकदम गंभीरपणा आला. आता 'कलवतो' म्हणताना त्यांचा आवाज पडायचा.

त्यातच त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. ही मुलगी माझ्याच बाजूच्या ऑफिसात कामाला. चुणचुणीत, फटकळ, आणि बापाला एका नजरेत गप्प करू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती. मुलगा उरणचा, बंदरात नोकरी करणारा. हळदीला डीजे कुठला आणायचा यावर भाऊबंदांत चर्चा रंगली होती. ही चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "डीजे-बिजे नको हां. माझ्या हळदीला पप्पा वाजवणार. धवले गातात तेव्हा फक्त पप्पांची बास पाहिजे, बाकी काय नको." धवले म्हणजे आमच्या या बाजूची लग्नाची जुनी गाणी, गावातली एखादी म्हातारी धवलारीण ती तोंडपाठ गाते. घरमालकांनी नुसती मान हलवली आणि उठून आत गेले. मला ठाऊक होतं की त्या दिवसांत त्यांचं बोट एका गाण्यात दोनदा अडकत होतं. बेंजो पार्टीतली पोरं त्यांना न दुखवता हळूहळू मागच्या मागे बसवायला लागली होती. पण मुलीने मागितलं होतं, आणि तेही इतकं थोडं. लग्नाला दोन महिने होते.

सुपारी फोडायला, म्हणजे देण्याघेण्याची बोलणी पक्की करायला, आम्ही उरणकडे गेलो तेव्हा चमत्कार घडला. नवऱ्यामुलाचे चुलते होड्या बांधणारे सुतार. अंगणात एक वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पाहुण्यांचं चहा-पाणी चाललं असताना घरमालकांचा डावा हात सवयीने त्या वल्ह्याच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळात पाहिलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तिकडे हुंडा नको, मानपान बेताचा, असं सगळं ठरत होतं आणि मुलीचा बाप वल्हं धरून समाधी लावून बसला होता. शेवटी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "यो दांडा कोनी केला?" चुलत्यांनी नुसता हात वर केला. ते फार कमी बोलणारे गृहस्थ होते. घरमालक माझ्या कानाशी लागले, "पावने, जुना दांडा कशाला टाकाचा? यांच्याकडशी तासून घेऊ."

पुढच्या आठवड्यात आम्ही बासचे चार स्क्रू काढून दांडा सुटा केला, सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि उरणच्या गाडीने नेला. मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीच्या आधी याचीच पाठवनी." चुलत्यांनी दांडा पाहिला, बोटाने वाजवून बघितला आणि आत लोखंड आहे हे ओळखून नाक मुरडलं. मग त्यांनी घरमालकांना तीन वेगवेगळी वल्ही डोळे मिटून धरायला लावली आणि त्यांची बोटं कशी वळतात ते बिडी ओढत बघितलं. माप नाही, पेन्सिल नाही. रंधा घेतला आणि दांड्याच्या पाठीवरून पहिला पातळ पापुद्रा उडाला, तेव्हा घरमालकांनी माझा दंड असा धरला की रात्रभर दुखत होता. तासाभरात जेमतेम अर्धं सूत लाकूड निघालं असेल. चुलत्यांनी दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा टेकवला, बोटं वळवली, आणि साठी उलटलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला उगीचच अवघडल्यासारखं झालं. इतकी वर्षं इतक्या दुकानांत 'कलवतो' म्हणून आलेला माणूस म्हणाला, "यो. योच."

इथवर सगळं उत्तम झालं होतं. पण चुलत्यांनी दांडा परत मागून घेतला. कोरं लाकूड उघडं कसं ठेवायचं? जन्मभर होड्या बांधलेल्या माणसाला लाकूड तासल्यावर एकच गोष्ट सुचते. त्यांनी कोपऱ्यातला डबा ओढला, त्यात चिंधी बुडवली आणि आम्हाला कळायच्या आत दांड्याला मुशीच्या तेलाचे दोन हात दिले. मुशी हा मासा ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो की त्याच्या तेलाचा वास समुद्राच्या भरतीबरोबर आत येतो आणि ओहोटीबरोबर बाहेर जात नाही. चुलते त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले, "आथा दर्यान टाकलाव तरी कं होनार नाय." घरमालकांचा चेहरा मी बघितला. दुसरा कुणी असता तर त्यांनी रान उठवलं असतं. पण हे मुलीच्या सासरचे, त्यातून वडीलधारे. मुलीचा बाप त्यांच्यासमोर काय बोलणार? त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "लय उपकार झालं." परतीच्या गाडीत आमच्या आजूबाजूच्या चार जागा शेवटपर्यंत मोकळ्या राहिल्या.

पुढचे पंधरा दिवस आमची बिल्डिंग एका वेगळ्याच अनुभवातून गेली. गावातली मांजरं जिन्यात मुक्कामाला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या काढावाल्या बाई शाकाहारी. त्या पदर नाकाला लावून वर-खाली करायच्या आणि म्हातारं अजून आहे ना, असं काळजीने विचारायच्या. दांड्याला बेसन लावून झालं, लिंबू झालं, नीलगिरीचं तेल झालं, गच्चीवर ऊन दाखवून झालं. तिथे मांजरांपासून राखायला घरमालक स्वतः टोपी घालून बसत. माझ्या बायकोने सुचवलेली कॉफीची पूडही चोळून झाली, तेव्हा दोन दिवस कुणीतरी मच्छी मार्केटात कॅफे उघडल्यासारखं वाटत होतं. वास हळूहळू सुकटीपर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. मुलगी म्हणाली, "चालेल. माझ्या सासरचाच वास आहे, सवय करते." घरमालक मात्र खूश होते. मध्येच ढगाळ, दमट हवा आली तरी दांडा तसूभर हलला नाही. सळईला हात लावायचं कारणच उरलं नाही. रोज संध्याकाळी पाचला सराव सुरू व्हायचा आणि खालून येणारा तो घुमारा ऐकत आमच्याकडे चहा व्हायचा.

फक्त एका संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आलो. तळमजल्याचं दार अर्धवट उघडं होतं. घरमालक बास मांडीवर घेऊन बसले होते आणि उजव्या हाताने डाव्या हाताचं मधलं बोट ओढत होते. बोट उघडत नव्हतं. कट् असा आवाज झाला, त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पटकन आजूबाजूला बघितलं. मी जिन्यावरच्या मांजराशी मोठमोठ्याने बोलायला लागलो आणि वर निघून आलो. दांडा पातळ झाल्यावर बोट जास्तच वळत होतं, म्हणजे जास्तच अडकणार होतं. एवढं मला समजत होतं, तर त्यांना समजत नसेल? खूप वाईट वाटलं, एवढं खरं.

हळद बिल्डिंगसमोरच्या मांडवात, संध्याकाळी उन्हं कलताना होती. मुलगी पिवळी होऊन पाटावर बसलेली, भोवती बायका, मागे बेंजो पार्टीतली पोरं आज वाद्यं खाली ठेवून नुसती बसलेली. घरमालक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. खुर्चीखाली दोन मांजरं. त्यांनी सगळ्यात जाड तार धवलारणीच्या आवाजाला जुळवून घेतली आणि म्हातारीने धवला धरला. मी पुष्कळ वेळा त्यांना ऐकलं आहे, पण त्या दिवशी ते जसं वाजवत होते तसं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारीचा चिरका आवाज पुढे आणि त्याच्या खाली बासचा तो गोल, सावकाश सूर. मालकीणबाईंनी हळदीचं ताट हातात तसंच धरून ठेवलं होतं. एक धवला झाला, दुसरा झाला. तिसरा पाठवणीचा. त्याच्या दुसऱ्या कडव्यात बास थांबली.

मधलं बोट दांड्याभोवती वळलं होतं आणि उघडत नव्हतं. पाठोपाठ बाकीचीही आखडली. घरमालक हाताकडे बघून हसले, हात झटकायला गेले, तर हात दांड्याला धरूनच राहिला. मांडवात सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. धवलारीण एकटीच गात होती. मी उठलो, पण मला काय करता येणार होतं? तेवढ्यात मुलगी पाटावरून उठली. "उठू नको गो, हलद लागलीय!" असा बायकांचा गलका झाला. तिने तो ऐकलाच नाही. ती तशीच, हळद निथळत, खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली आणि तिने बापाची बोटं एकेक करून उघडायला सुरुवात केली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग अंगठ्याजवळचं. मधल्या बोटाला तिने हळदीचं तेल चोळलं, हळूच ओढलं.

घरमालक पुटपुटले, "यो दांडा जरा..."

"पप्पा, दांड्याला काय नाय झालंय."

त्यांनी तिच्या पिवळ्या हातातल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां. बोटच हाय."

कट् झालं आणि बोट सुटलं. मी डोळे पुसले, आणि एकटाच पुसत नव्हतो. मुलीने तो हात परत दांड्यावर जाऊ दिला नाही. आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. घरमालकांनी उजव्या हाताने ती सगळ्यात जाड तार छेडली. तिला डाव्या हाताची गरज नव्हती, ती मोकळीच धवलारणीच्या आवाजाला जुळलेली होती. एकच सूर, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्यावर म्हातारीचा धवला. गाणं संपलं तरी त्यांचा उजवा हात थांबेना. धवलारणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं, आणि तोच धवला परत पहिल्यापासून धरला.

लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांनी निमूटपणे बोटाचं ऑपरेशन करून घेतलं. आता हात छान चालतो. मांजरं गेली. मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी उरणहून येते, आल्या आल्या बापाचं बोट वाकवून बघते आणि गाडी चुकेल म्हणून घाईघाईत जाते. रोज संध्याकाळी पाचला खालून बास ऐकू येते. कोळीगीतं असतात, जुनी सिनेमातली गाणी असतात, पण तो पाठवणीचा धवला मी त्यांच्याकडून पुन्हा कधी ऐकला नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं गच्चीवर टाकी भरली का बघायला गेलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं, की तो का वाजवत नाही? बोट तर आता बरं आहे. टाकीत वाकून बघत ते म्हणाले, "त्यो एकल्यानं वाजत नाय, पावने." झाकण लावून आम्ही कठड्याशी आलो आणि बराच वेळ उरणच्या दिशेला बघत उभे राहिलो. आमच्या गच्चीवरून त्या बाजूला बिल्डिंगांशिवाय काहीही दिसत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.